पाच व्होल्टची स्वस्त चिप आणि आकाशकंदील

डब्ल्यूसीएच या चिनी कंपनीची सीएच३२व्ही००३ ही मायक्रोकंट्रोलर चिप (छोट्या उपकरणाचे काम चालवणारा एका चिपमधला संगणक) मोठ्या संख्येने घेतल्यास दहा अमेरिकी सेंटांच्या आसपास पडते आणि तिच्याविषयीचे बहुतेक बोलणे त्या किमतीपाशीच थांबते. ठाण्यातील आमच्या इमारतीच्या आकाशकंदिलात रंगीत दिव्यांची माळ चालवायची म्हणून मी तिची रचना पाहिली, तेव्हा किमतीपेक्षा तिचे ५ व्होल्टवर चालणे मला मोलाचे वाटले.

माळेतल्या डब्ल्यूएस२८१२ जातीच्या एलईडींना रंगाचा आदेश नेणाऱ्या डेटा लाइनवर पुरवठ्याच्या सत्तर टक्के, म्हणजे ५ व्होल्टच्या माळेला साडेतीन व्होल्ट, इतकी पातळी लागते. आजचे बहुतेक ३२ बिटी बोर्ड ३.३ व्होल्टचे असल्यामुळे त्यांचा सिग्नल या मर्यादेच्या जरासा खालीच राहतो. टेबलावर माळ बिनतक्रार चालते, पण गॅलरीपर्यंत लांब वायर नेली की दिवे भलतेच रंग दाखवू शकतात आणि मध्ये लेव्हल शिफ्टर, म्हणजे सिग्नलचे व्होल्टेज वाढवणारा भाग, घालावा लागतो. ही चिप माळेच्याच ५ व्होल्टवर चालत असल्याने तो प्रश्नच उद्भवत नाही. चिपला ठोके देणारा आतला २४ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर पीएलएल या वारंवारता वाढवणाऱ्या मंडलाने दुप्पट होतो, म्हणून ठोक्यांसाठी बाहेरून क्रिस्टलही लावावा लागत नाही.

पाच व्होल्टचे काम जुनी आठ बिटी मायक्रोकंट्रोलर चिप एटमेगा३२८पीही करते, हे खरे. मात्र तिच्यात डीएमए, म्हणजे प्रोसेसरला न गुंतवता मेमरीतला डेटा हलवणारी यंत्रणा, नाही, त्यामुळे माळेला डेटा पाठवताना सहसा इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारे संकेत) बंद ठेवून प्रत्येक बिटाची वेळ सांभाळावी लागते. नव्या चिपमध्ये एसपीआय (एकामागोमाग बिट बाहेर पाठवणारा भाग) आणि डीएमए हे काम परस्पर उरकतात, पण त्याची किंमत रॅममध्ये मोजावी लागते. माळेच्या एका बिटासाठी एसपीआयचे चार बिट धरले, तर एका दिव्याच्या २४ बिटांना १२ बाइट आणि शंभर दिव्यांना १,२०० बाइट होतात, आणि चिपमध्ये रॅम आहे अवघी २ किलोबाइट. यावर उपाय म्हणजे छोटा बफर (डेटाची तात्पुरती जागा) ठेवून त्याचा अर्धा भाग पाठवला जात असताना दुसरा अर्धा भरत राहणे.

या चिपच्या प्रोसेसरमधून गुणाकाराची सूचनाच (इन्स्ट्रक्शन) वगळली आहे, ही काटकसर मला थोडी खटकते, कारण आठ बिटी एटमेगातही ती आहे. तेजस्विता कमी-जास्त करण्यापुरते शिफ्ट (बिट सरकवणे) आणि बेरजेने भागते.

आठ पिनच्या आवृत्तीविषयी मात्र सावध राहावे. प्रोग्रॅमिंगची एकमेव लाइन तिथे इतर दोन इनपुट-आउटपुट लाइनींबरोबर एकाच पायावर (पिनवर) आणली आहे. प्रोग्रॅमने सुरुवातीलाच तो पाय आउटपुट केला, तर चिपशी पुन्हा संपर्क साधताना वीज तोडून फ्लॅश (प्रोग्रॅम साठवणारी मेमरी) पुसण्याचा उपद्व्याप करावा लागतो. म्हणून ०.६५ मिलिमीटर अंतरावरचे पाय सोल्डर करणे कितीही किचकट वाटले, तरी कंदिलासाठी मी वीस पिनचीच आवृत्ती निवडली.