एका ओळीच्या टिपेसाठी

"ही सर्व्हिस रात्री बंद करू नका, बॅकअप चालू असतो." सर्व्हर सांभाळणाऱ्या आमच्यातल्या प्रत्येकाला एवढं एक वाक्य त्या सर्व्हिसच्या, म्हणजे सर्व्हरवर पाठीमागे चालणाऱ्या प्रोग्रामच्या, पानावरच दिसावं, इतकीच माझी गरज होती. एकदा ऐन बॅकअपच्या वेळी कुणीतरी ती सर्व्हिस थांबवली होती. कुणीतरी म्हणजे मीच.

आम्ही सर्व्हर बघायला कॉकपिट वापरतो. ब्राउझरमध्ये 9090 पोर्टवर उघडणारा हा मुक्तस्रोत कन्सोल आहे. सर्व्हिसेस, लॉग, डिस्क, नेटवर्क सगळं एका जागी दिसतं. सोर्स सगळा समोरच होता, ही पानं ज्यात लिहिलेली आहेत ते रिॲक्ट मला येत होतं, मग काय, दोन शनिवार-रविवार बसलो आणि सर्व्हिसच्या पानावर टिपा लिहायची सोय करून टाकली. तयारी फार सोपी निघाली. कॉकपिट आपल्या होम फोल्डरमधल्या एका ठरलेल्या जागीही पानं शोधतं. तिथे आपण तयार केलेल्या पानांची (बिल्डची) लिंक ठेवली की मूळ इन्स्टॉलेशनला हात न लावता आपला बदल फक्त आपल्याला दिसतो. सुमारे 1,100 ओळी झाल्या. रंग, शोध, टिपेचा इतिहास, सगळं होतं. आधी कुणाला विचारावं, प्रकल्पाच्या जागी एखादा इश्यू (चर्चेचा विषय) उघडून "हे हवंय का" असं तरी म्हणावं, हे डोक्यातही आलं नाही. थेट पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती.

प्रकल्पाच्या लोकांनी केलेल्या रिव्ह्यूमध्ये पहिलाच प्रश्न आला तो कोडबद्दल नव्हता. टिपा राहतात कुठे?

मी त्या एका जेसन फाइलमध्ये ठेवत होतो. फाइल माझी, रचना माझी, वाचणारंही माझंच पान. मला सांगण्यात आलं की कॉकपिट स्वतःजवळ काहीच साठवत नाही. ते सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारा प्रोग्राम) आणि डी-बसशी (प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायची वाट) थेट बोलतं, लॉगिन झालेल्या माणसाच्या परवानग्यांनीच चालतं, आणि कुणी पान उघडलं नसेल तर त्याची प्रोसेससुद्धा चालू नसते. टर्मिनलमध्ये केलेला बदल कन्सोलमध्ये दिसायला हवा आणि कन्सोलमधला टर्मिनलमध्ये. माझी टीप मात्र फक्त कन्सोलमध्ये उघडली तरच दिसणार होती. म्हणजे आमच्यातले जे लोक एसएसएचने, म्हणजे दुरून टर्मिनलमधूनच काम करतात, त्यांना ती कधीच दिसली नसती. ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच साधत नव्हतं.

दोन दिवस मी रुसून बसलो, खोटं कशाला बोलू. मग सिस्टमडीचं मॅन्युअल नीट वाचायला घेतलं. हे खरं तर पहिल्या दिवशी करायचं काम. त्यात एक बारीकशी सोय सापडली: युनिट फाइलमध्ये (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी फाइल) ज्या विभागाचं नाव इंग्रजी एक्स आणि जोडरेषेने सुरू होतं, तो विभाग सिस्टमडी वाचतच नाही. इतर प्रोग्रामना स्वतःची माहिती ठेवता यावी म्हणून तो मोकळा सोडलेला आहे. मूळ युनिटला धक्का न लावता शेजारी एक छोटी ड्रॉप-इन, म्हणजे पुरवणी, फाइल करायची आणि टीप त्या विभागात लिहायची. सिस्टमसीटीएल कॅट ही कमांड ड्रॉप-इन फाइलीही छापते, त्यामुळे टर्मिनलवाल्यांचाही प्रश्न मिटला. इतिहास आणि रंग काढून टाकले. ओळी 300च्या आत आल्या.

त्या 300 ओळींत दोन घोडचुका होत्या. पहिली: फाइल लिहिण्यासाठी मी टिपेचा मजकूर जोडून एक शेल कमांड (टर्मिनलमध्ये टाइप करतो तशी) बनवत होतो आणि ती रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून चालवत होतो. टिपेत एखादं अवतरणचिन्ह आलं की कमांड तुटणार, आणि कुणी मुद्दाम लिहिलं तर काय होईल ते सांगायलाच नको. कॉकपिटमध्ये कमांडचे शब्द वेगवेगळे, यादी म्हणून देता येतात, मध्ये शेल येतच नाही. फाइलींसाठी तर स्वतंत्र सोयच आहे: ती आधी तात्पुरत्या फाइलीत लिहून मग नाव बदलते, आणि आपण वाचल्यानंतर दुसऱ्या कुणी फाइल बदलली असेल तर लिहायला नकारही देऊ शकते.

दुसरी चूक मला आधी समजलीच नव्हती. टिपेत नवी ओळ चालते का, असं विचारलं गेलं. चालते की, मी म्हटलं. मग कुणी कागदपत्रातून चार ओळी उचलून चिकटवल्या आणि त्यात सर्व्हिस विभागाचं शीर्षक असेल तर? ती टीप उरणार नाही, सर्व्हिसचा खराखुरा कॉन्फिगरेशन होईल. तेव्हापासून टीप एका ओळीची.

आणखी एक गुंता राहिला. ड्रॉप-इन बदलली की युनिट फाइल डिस्कवर बदलल्याचा इशारा सिस्टमडी देतं आणि डीमन-रीलोड, म्हणजे फाइली पुन्हा वाचायची कमांड, मागतं. रीलोडने चालू सर्व्हिस थांबत नाहीत, पण सगळ्याच युनिट फाइली पुन्हा वाचल्या जातात. दुसऱ्या कुणी शेजारची फाइल अर्धवट बदलून ठेवली असेल तर तीही. म्हणून आपोआप रीलोड मी ठेवलं नाही, बटण ठेवलं. यावर अजूनही मतभेद आहेत, असू देत.

टेस्ट लिहायला मात्र सोय लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागला. इथल्या टेस्ट पायथनमध्ये असतात. खरं व्हर्च्युअल मशीन सुरू होतं, खरा ब्राउझर पान उघडून क्लिक करतो. माझी टेस्ट माझ्या लॅपटॉपवर दर वेळी पास आणि बाहेर, प्रकल्पाच्या मशीनवर, तीनात एकदा नापास. पान तयार होण्याआधीच ती बटण दाबत होती. मी आधी टेस्टने मध्ये नुसतं थांबायचे सेकंद वाढवत राहिलो. उपाय होता टीप पानावर दिसेपर्यंत थांबायला सांगण्याचा.

शेवटी ही सोय मूळ कोडमध्ये गेली नाही. टिपा प्रत्येकाला लागतात असं नाही, तेव्हा हे वेगळं पॅकेज म्हणून ठेवावं असं ठरलं, आणि मलाही ते पटलं. त्यासाठी स्टार्टर-किट नावाचा तयार सांगाडा आहे, टेस्टच्या व्यवस्थेसकट. पान हलवायला एक संध्याकाळ पुरली.

परवा मी कन्सोल उघडून बसलो होतो. बघता बघता माझ्या टिपेतलं "बॅकप" समोरच "बॅकअप" झालं. टर्मिनल सोडून कशालाही हात न लावणाऱ्या आमच्या एका सहकाऱ्याने ती फाइल नॅनो या टर्मिनलमधल्या एडिटरमध्ये उघडून माझं शुद्धलेखन सुधारलं होतं.