आठ तास चार्जिंग

इंदूरच्या जेल रोडवर, डॉलर मार्केटच्या गल्लीत नवा मोबाइल घेतला की दुकानदार खोका हातात देताना आजही बजावतो, "भिया, पहले आठ घंटे चार्ज करना, फिर चालू करना." फोन या वर्षीचा, सल्ला मात्र निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या जमान्यातला. त्या बॅटऱ्यांचे लाड खरंच पुरवावे लागत. आताच्या लिथियम-आयनला त्यातलं काही लागत नाही. उलट ती पार शून्यावर नेणं किंवा सारखी शंभरावर टांगून ठेवणं, दोन्ही तिला सोसत नाही. ही बॅटरी 1991 साली बाजारात आली, 2019 मध्ये ती घडवणाऱ्यांना रसायनशास्त्राचं नोबेलही मिळालं. जेल रोडला अजून कळायचंय.

खाण्याच्या बाबतीत आम्ही इंदूरकर फार चोखंदळ. पोहे वाफाळते नसतील तर प्लेट परत जाते, शेव कालची असेल तर पहिल्या घासाला ओळखू येते. आणि हीच मंडळी सकाळच्या चहाबरोबर वीस वर्षांचा शिळा सल्ला मिटक्या मारत खातात.

घरी येणाऱ्या पेपरात आठवड्यातून एकदा तंत्रज्ञानाचं अर्धं पान असतं. उरलेल्या अर्ध्या पानावर कोचिंग क्लासची जाहिरात, आणि खरं सांगायचं तर ती जास्त ताजी असते. सुदामा नगरच्या आमच्या आत्याचा या अर्ध्या पानावर भारी विश्वास. कात्रणं कापून ती फ्रिजवर चुंबकाने लावते. त्यातलं एक सांगतं की मागे चालू असलेली अ‍ॅप्स बंद केली की बॅटरी वाचते. म्हणून जेवण झालं की चष्मा कपाळावरून नाकावर येतो, बाकीची बोटं अधांतरी ठेवून आत्या एका तर्जनीने एकेक चौकोन वर ढकलते आणि म्हणते, "हं, आता हलका झाला." वास्तविक वापरात नसलेली अ‍ॅप्स फोन स्वतःच झोपवून ठेवतो. ती हाकलून पुन्हा उघडली की त्याला सगळं पहिल्यापासून मांडावं लागतं आणि बॅटरी उलट जास्त खर्च होते. हे आत्याला सांगितलं. तिने फ्रिजकडे बोट दाखवलं.

दुसरं कात्रण दर महिन्याला पासवर्ड बदलायला सांगतं. अमेरिकेत असे नियम ठरवणाऱ्या संस्थेने 2017 मध्येच ही सक्ती नको म्हटलं, कारण माणसं मग सोपे पासवर्ड ठेवतात. याचा पुरावा आमच्याच घरात आहे. आत्याचा पासवर्ड म्हणजे कुलदैवताचं नाव आणि पुढे महिन्याचा आकडा. तोही विसरू नये म्हणून डायरीत, आणि डायरीच्या पुठ्ठ्यावर लाल शाईत ठसठशीत लिहिलंय, 'पासवर्ड'.

इथवर हसण्यावारी नेता येतं. 2016 मध्ये दोन हजारांच्या नोटेत चिप असल्याची वावडी टीव्हीवाल्यांनीही छातीठोकपणे सांगितली. शेजारचे काका नोट दिव्यासमोर धरून ती शोधत बसायचे. 2023 मध्ये नोटच मागे घेतली, काकांचा शोध अपुरा राहिला. पण 'डिजिटल अरेस्ट'च्या, म्हणजे खोट्या पोलिसांनी फोनवरच 'अटक' करून पैसे उकळल्याच्या, बातम्या वाचताना मात्र माझी सटकते. कुणाला फोन आला, किती लाख गेले, कुठल्या कॉलनीत राहत होते, इथपर्यंत सगळा तपशील. असली अटक भारतातल्या कुठल्याही कायद्यात नाही, आणि पैसे गेल्या गेल्या 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन केला तर ते वाटेत अडण्याची शक्यता असते, ही दोन वाक्यं बातमीत सापडतील तर शपथ! ती मोठ्या अक्षरात रोज छापली तरी माझी हरकत नाही. कोचिंगची जाहिरात जरा आवरा.

आणि बातमीच हवी असेल तर ती गावातच पडलीय की. राजेंद्र नगरच्या पुढे कॅट आहे, म्हणजे अणुऊर्जा खात्याचं 'सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी' हे संशोधन केंद्र. 2005 मध्ये त्याला अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णांचं नाव दिलं, पण रिक्षावाल्याला अजून कॅटच सांगावं लागतं. तिथे 'इंडस-1' 1999 मध्ये सुरू झालं, देशातलं पहिलं सिंक्रोट्रॉन. इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने गोल पळवायचे, वळणावर ते जो प्रकाश टाकतात त्यात पदार्थाच्या आतली रचना बघायची. पुढे 'इंडस-2' आलं, त्याचा घेर 172 मीटरचा, त्यातून क्ष-किरण मिळतात. देशभरातले संशोधक त्यासाठी इंदूरला येतात. आम्हाला कॅट रोड म्हटलं की फ्लॅटचे भाव आठवतात.

परवा हे सगळं आत्याला रंगवून सांगितलं. इलेक्ट्रॉन, वळण, प्रकाश, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, हातातली कात्री खाली ठेवली नाही.

"पेपरात आलंय?"

"नाही गं आत्या, अजून नाही."

"मग आलं की सांग. फ्रिजवर जागा करते."