नमुना २ आणि गुरूचं वीजबिल

एप्रिल २०२३. सर्वोच्च न्यायालयात समलिंगी विवाहाच्या याचिकांवर सुनावणी चालू होती आणि केंद्र सरकारने ती मागणी ‘शहरी उच्चभ्रूं’ची ठरवून टाकली होती. आमच्या ट्रान्सजेंडर ओळखपत्र शिबिरातल्या रांगेत देवीला सोडलेले जोगती होते, दुकानोदुकानी पैसे मागणारे किन्नर गुरूंचे चेले होते आणि एमआयडीसीत पॅकिंगला जाणारा चोवीस वर्षांचा एक ट्रान्समॅन होता, म्हणजे जन्माच्या नोंदीत मुलगी, पण स्वतः पुरुष. यातले उच्चभ्रू कोण, ते मला तरी ओळखता आलं नाही.

ट्रान्समॅनची केस सगळ्यात किचकट. आधार कार्ड आईवडिलांच्या, म्हणजे परजिल्ह्यातल्या पत्त्यावर. या ओळखपत्राच्या २०२० च्या नियमांप्रमाणे अर्जदार ज्या जिल्ह्यात अर्ज करतो तिथे सलग बारा महिने राहिलेला हवा. अशा भाडेकरूला घरमालक करार करून देत नाहीत, आणि दिलाच तर अकरा महिन्यांचा. नियमाला बरोबर एक महिना कमी. तो राहत होता एका किन्नर गुरूकडे. किन्नरांच्या गुरु-चेला घराण्याच्या रीतीत ट्रान्समॅनला चेला करून घेत नाहीत, तरी घरच्यांनी हाकलल्यावर तिनेच त्याला ठेवून घेतलं होतं. महावितरणचं बिल पिशवीतून काढत ती म्हणाली, “पोरगं दीड वर्ष माझ्याकडं राहतंय. काय लिहायचं ते लिहा, सही मी करते.”

तिचं वेगळं प्रतिज्ञापत्र केलं: ग्राहक क्रमांक, कोणत्या महिन्यापासून तो तिथे राहतो ते, आणि सोबत त्या महिन्याचं व ताजं अशी दोन बिलं. खरा भक्कम पुरावा मिळाला तो त्याच्या स्थानिक शाखेतल्या पासबुकाचा. पहिली नोंद वर्षापूर्वीची होती आणि तारीख बँकेने छापलेली, त्यामुळे तिच्यावर वाद घालायला जागा नव्हती.

मग नमुना २, म्हणजे अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र. टायपिस्टच्या साच्यात ‘यांची मुलगी’ आणि ‘लिहून देते की’ असं आधीच भरलेलं असतं. ते तसंच राहिलं तर आपण ट्रान्सजेंडर आहोत हे सांगणाऱ्या कागदावरच माणूस स्वतःला बाई म्हणून बसतो. ‘लिहून देतो’ केलं की जुनी गुणपत्रिका हातात धरून कारकून हरकत काढतो. यावर आमचा तोडगा साधा आहे: ‘यांचे अपत्य’ आणि ‘शपथपूर्वक नमूद करत आहे’. यात व्याकरणाचं लिंग येतच नाही. कु., श्रीमती, श्री. सगळं काढायचं. जन्मनाव आणि निवडलेलं नाव दोन्ही लिहायची, पण इंग्रजी स्पेलिंग आधारवर असेल तेच, चुकीचं असलं तरी. त्याने मात्र हट्टाने ‘देतो’ ठेवायला लावलं. त्याचा कागद, त्याचं क्रियापद, ठेवलं.

सरकारी कचेरीच्या खिडकीवर अपेक्षित प्रश्न आला: “ऑपरेशनचा दाखला कुठंय?” तेव्हा ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या २०१९ च्या कायद्याच्या कलम ६ खाली ‘ट्रान्सजेंडर’ असं प्रमाणपत्र मिळायचं आणि ते प्रतिज्ञापत्रावर, कोणतीही वैद्यकीय तपासणी न करता द्यायचं होतं. शस्त्रक्रियेनंतर ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ अशी नोंद हवी असेल तर कलम ७, आणि वैद्यकीय दाखला लागायचा तो तिथे. खिडकीवर या दोन्हींची खिचडी व्हायची. अशा वेळी वाद घालू नये. नियमाची छापील प्रत पुढे सरकवावी आणि नाकारायचं असेल तर कारण लेखी मागावं. लेखी म्हटलं की सूर बदलतो. त्या दिवशीही बदलला; मागे गुरू आणि तिच्या चार चेल्या हात बांधून उभ्या होत्या, त्याचाही उपयोग झालाच. अर्ज सरकारी पोर्टलवर चढला, क्रमांक मिळाला.

ही कटकट कशासाठी, असं विचारणाऱ्यांना मी भादली बुद्रुकचं उदाहरण देते. जळगाव तालुक्यातल्या या गावात ट्रान्सजेंडर उमेदवार अंजली गुरू संजना जान यांचा महिलांच्या जागेवरचा ग्रामपंचायतीचा अर्ज बाद झाला होता. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरायला लावला आणि त्या निवडूनही आल्या.

आमच्या ट्रान्समॅनचं प्रमाणपत्र तीस दिवसांची मुदत उलटून गेल्यावर आलं. मग गाडं पीएफवर अडलं. आधारवर नाव बदललं की पीएफच्या नोंदीशी जुळत नाही, आणि ती दुरुस्त करायला तेव्हा मालकाची सही असलेला संयुक्त अर्ज लागायचा. म्हणजे आधी कारखान्यात सांगायला हवं होतं. गुरू म्हणायची, सांगून टाक. त्याचा सुपरवायझर रोज काय व्हॉट्सअॅप फॉरवर्ड करायचा ते तिला माहीत नव्हतं. पॅन आणि बँकेचे अर्ज आम्ही भरून ठेवले. आधार मात्र तेव्हा जुन्याच नावावर राहिलं.