कुंपणाजवळचा एरंड

आईचे गुडघे धरले की ती एरंडाची पानं मागायची. पान तव्यावर जरा शेकायचं, तेलाचं बोट फिरवायचं आणि गुडघ्याला बांधायचं. नेरूळला रोज पानं कुठून आणणार? म्हणून मुरबाडच्या मामांकडून बिया आणल्या आणि मागच्या जूनमध्ये सोसायटीच्या कुंपणालगत, आमच्या तळमजल्याच्या खिडकीसमोर, चार टोचल्या.

एरंडाचं काही करावं लागत नाही. दिवाळीपर्यंत तो माझ्या डोक्यावर गेला. तुऱ्यात खाली नर फुलं, वर लाल केसरांची मादी फुलं, मग काटेरी हिरवी बोंडं. आईला पानं मिळत होती आणि मला त्या झाडाचा लळा लागला होता. बोंडं वाळू लागली तरी मी तुरे काढले नाहीत. चूक तिथेच झाली.

वाळलेलं बोंड तडकतं आणि बिया लांब उडतात. जानेवारीतल्या एका दुपारी शेजारची पाच वर्षांची मुलगी जिन्याखाली भातुकली मांडून बसली होती. ताटलीत राजमा वाढलेला. तपकिरी, चकचकीत, नक्षीदार, फुगलेल्या गोचिडासारख्या बिया. (एरंडाच्या शास्त्रीय नावातला 'रिसिनस' म्हणजे लॅटिनमध्ये गोचीडच.) "काकू, मी एक खाल्ला," ती म्हणाली.

तिला तसंच उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, चावला की गिळला? बीचं कवच टणक असतं, अख्खं गिळलं तर बऱ्याचदा तसंच बाहेर पडतं. चावलं की आतलं रायसिन हे विष पोटात सुटतं. त्यावर उतारा नाही. उलट्या, जुलाब सुरू व्हायला काही तास जातात, म्हणून तिला रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी तिने पोहे मागितले तेव्हा माझ्या जिवात जीव आला. तिची आई मला एका शब्दानेही बोलली नाही. ते फार जड गेलं.

मग मी वाचलं. एरंडेल तेलात हे विष उतरत नाही, कारण ते तेलात विरघळत नाही. ते पेंडीत राहतं. 1978 साली लंडनमध्ये बल्गेरियन लेखक जॉर्जी मार्कोव्ह यांना मारायला वापरलं होतं ते हेच रायसिन असं मानतात. रासायनिक अस्त्रबंदी करारात त्याचं नाव आहे. जगात सर्वांत जास्त एरंड आपल्या देशात, त्यातही गुजरातेत पिकतो आणि शेतात तो असावाच. पण जिथे मुलं खाली पडलेलं उचलून खेळतात तिथे लावू नये, असं मी आता प्रत्येकाला सांगते.

झाड काढायला एक रविवार गेला. हातमोजे आणि मास्क घातले, कारण बियांच्या धुळीने काहींना दम लागतो. आधी प्रत्येक तुऱ्यावर पिशवी चढवून मग तो कापला, नाहीतर बोंडं तिथेच फुटतात. मुळं खणून काढली, जिन्याखालची फरशी दोनदा झाडली. बिया दुहेरी पिशवीत बांधून, वर 'विषारी' लिहून घातक कचऱ्यात दिल्या. खतात टाकल्या असत्या तर तिथेच रुजल्या असत्या.

आईला आता मिठाची गरम पुरचुंडी करून देते. या पावसाळ्यात कुंपणाजवळ अकरा रोपं उपटली. गेल्या आठवड्यात गटाराच्या जाळीपाशी आणखी एक दिसलं, दोन जाड पानं आणि लालसर देठ.