दाबताना २१, परतताना ८

शनिवारी गेलेली गाडी अजून डोक्यातून उतरत नाही, कारण पेडलवर तीन किलो मी तसेच ठेवून दिले.

सात सीटर डिझेल गाडी, हायड्रॉलिक क्लच, म्हणजे पायाचा दाब ऑइलमधून पोचवणारा. मालक निवृत्त शिक्षक. रोज वाडीहून सीताबर्डी, अर्धा रस्ता पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, नि डावा गुडघा सुजलेला. तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या गॅरेजात क्लच प्लेट, तिला स्प्रिंगनं दाबून धरणारी प्रेशर प्लेट, पेडल दाबल्यावर ती पकड सोडवणारं रिलीज बेअरिंग, सगळं नवं पडलं होतं. पेडल जडच राहिलं म्हणून पेडलजवळचा वरचा सिलिंडर बदलला, मग गिअरबॉक्सजवळचा खालचा, मग ब्रेक ऑइल (क्लचलाही तेच असतं). ऑइल बदलून क्लच हलका होतो हा समज कुठून आला कोणास ठाऊक. ऑइलात पाणी मुरलं असलं तर आपल्याकडच्या मे महिन्यात वाफ धरून पेडल पोकळ लागेल, जड नाही.

सर म्हणाले, "भाऊ, वरचा सिलिंडर लहान बोअरचा टाकून द्या ना. हलका होते म्हणतात."

होतो, हे खरं आहे. त्यांच्या गाडीत ३/४ इंची होता. त्याजागी ५/८ टाकला तर पिस्टनचं क्षेत्रफळ ३६ ला २५ या हिशेबानं घटतं, पायावरचा भार सुमारे ३० टक्के कमी होतो. पण तेवढ्याच दाबात ऑइलही ३० टक्के कमी सरकतं. खालच्या सिलिंडरची चाल तोकडी पडते, प्लेट पूर्ण सुटत नाही, रिव्हर्स टाकताना गिअर करकरतो. शिवाय भार आला कुठून ते कळतच नाही. सरांना म्हटलं, "आधी मोजू द्या."

पेडलवर लाकडी ठोकळा, त्याला टेकवून डायलचा सपाट वजनकाटा, त्यावर पाय. इंजिन बंद. सावकाश दाबत जायचं, सगळ्यात मोठा आकडा टिपायचा. मग पाय तितकाच सावकाश सैल करत पेडल कोणत्या आकड्यावर परत निघतं ते बघायचं. हा दुसरा आकडा कुणी बघत नाही, आणि खरं तोच बोलतो. प्रेशर प्लेटची स्प्रिंग जेवढं घेते त्यातलं बरंचसं परत देते. इथे दाबताना २१ किलो, परतताना ८. मधले तेरा किलो कुठेतरी घासण्यात जात होते.

कुठे, ते वरून खाली शोधायचं. पेडलची पिन काढून नुसतं पेडल हलवलं, बुश मोकळे. ऑइलचा रबरी होज आतून फुगला असेल तर झटक्यात दाबल्यावर जड आणि सावकाश दाबल्यावर हलकं लागतं. इथे सावकाशही जडच. तरी खालचा सिलिंडर सोडवून पिस्टन हातानं आत ढकलला, ऑइल सरसर वर गेलं. (सिलिंडर सुटा असताना पेडलला कुणाचा पाय लागू देऊ नका, पिस्टन बाहेर उडतो.) राहिला फोर्क, खालच्या सिलिंडरनं ढकलला की रिलीज बेअरिंग सरकवणारा दांडा. त्याचा धूळ अडवणारा रबरी बूट फाटलेला दिसला तेव्हाच निम्मं उत्तर मिळालं.

गिअरबॉक्स उतरवला. बेअरिंग ज्या नळीवर सरकतं त्या गाइड ट्यूबवर नखाला लागेल एवढी चर. फोर्क ज्या बॉलवर डोलतो तो एका बाजूनं चपटा, फोर्कची वाटी झिजून आरपार व्हायला आलेली. फाटक्या बुटातून काळ्या मातीची धूळ आत जाऊन ग्रीसची पेस्ट झाली होती. अशा नळीवर नवं कोरं बेअरिंग चढवून कुणी गिअरबॉक्स बंद केला. उतरवण्याची पूर्ण मजुरी घ्यायची आणि समोर दिसणारी नळी पुसूनही बघायची नाही, याचा मला मनापासून राग येतो.

गाइड ट्यूब, बॉल, फोर्क, बूट नवे टाकले. मॉलिब्डेनमचं ग्रीस नळीवर, बॉलवर, फोर्कच्या दोन्ही टोकांवर पातळ. क्लच प्लेट ज्यावर बसते त्या शाफ्टच्या खाचांवर (स्प्लाइन) लावून पुन्हा पुसायचं. जास्त राहिलं की फिरताना उडून प्लेटवर जातं आणि क्लच घसरतो. सिलिंडरच्या रबरी वायसरला मात्र हे ग्रीस लागू द्यायचं नाही, रबर फुगतं. तिथे ब्रेक ऑइलच.

पुन्हा मोजलं. दाबताना १६, परतताना १२.

सर खूश होऊन गेले. पण त्याच मॉडेलची दुसरी गाडी त्या दिवशी दारात उभी होती, तिचा काटा १३ दाखवत होता. प्रेशर प्लेटचं जुनं बिल सरांनी आधीच दाखवलं होतं. त्यावर 'हेवी ड्युटी' लिहिलेलं. लोड वाहणाऱ्या गाड्यांना ही कडक स्प्रिंगची प्लेट ठीक. घरच्या गाडीत ती पकड वाढवते आणि तेवढाच भार पायावर टाकते. गिअरबॉक्स खाली होता तेव्हाच ती बदलता आली असती. तीन महिन्यांची चांगली प्लेट काढून फेकायला सांगणं मला जड गेलं, म्हणून मी विचारलंच नाही. विचारायला हवं होतं. गुडघा त्यांचा, निर्णयही त्यांचाच होता.

बिलाच्या मागे दोन्ही आकडे लिहून दिलेत, खाली एक ओळ: पुढच्या वेळी साधी प्लेट. उद्या फोन करून हे सगळं सरांना सांगणार आहे.