आडनावापाशी थांबणारी आपुलकी

मे 2015 मध्ये मुंबईतील एका आईने आपल्या समलिंगी मुलासाठी वर शोधणारी जाहिरात इंग्रजी वृत्तपत्रात दिली. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम 377 तेव्हा लागू होते आणि काही वृत्तपत्रांनी ती जाहिरात छापण्यास नकारही दिला होता, त्यामुळे त्या माउलीच्या धैर्याबद्दल मला आजही आदर वाटतो. मात्र जाहिरातीच्या अखेरीस जातीची अट नाही, तरी अय्यर (म्हणजे तमिळ ब्राह्मण) असल्यास प्राधान्य, अशा अर्थाची ओळ होती. देशभर कौतुक चालले असताना ज्यांची नजर नेमकी त्या ओळीवर अडली, त्यांपैकी मी एक होतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या प्राइड मोर्चात, म्हणजे समलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींच्या अभिमान-मोर्चात, काही दलित तरुण आपली जात आणि आपली लैंगिकता दोन्ही उघडपणे फलकांवर लिहून चालले, तेव्हा आपण एकटे नाही हे मला समजले.

मी मराठवाड्यातील बौद्ध कुटुंबात वाढलेला आणि पुण्यात नोकरी करणारा समलिंगी पुरुष आहे. डेटिंग ॲपवर छायाचित्र, वय, राहण्याचे ठिकाण इथपर्यंत संवाद छान चालतो. मग ‘पूर्ण नाव काय?’ असा प्रश्न येतो, आडनाव सांगितले की ‘गाव कुठलं?’ असे विचारले जाते आणि त्यानंतर बहुतेक वेळा समोरून काहीच येत नाही. कोणी अपशब्द वापरत नाही, त्यामुळे तक्रार करायलाही जागा उरत नाही.

समलिंगी गटांच्या बैठकांमध्ये हेच भाषेच्या वाटेने घडते. अशाच एका बैठकीला चाकणच्या कारखान्यात कंत्राटी काम करणारा एक तरुण आला होता. सगळे जण इंग्रजीतून ओळख करून देत होते. त्याची पाळी आली तेव्हा तो मराठीत बोलू लागला: घरचे मुली पाहताहेत, थोरल्या भावाला कळले तर तो जिवंत सोडणार नाही, आणि पगारातले निम्मे पैसे गावी पाठवावे लागत असल्याने वेगळे राहणे परवडत नाही. सूत्रसंचालन करणाऱ्याने हे सगळे ‘घरून दबाव आहे’ एवढ्या एका इंग्रजी वाक्यात उरकले आणि चर्चा पुन्हा विवाहाच्या हक्काकडे वळली. तो तरुण नंतर कधी दिसला नाही. तिथल्या कोणाच्याही मनात त्याच्याबद्दल आकस नव्हता, हे मी खात्रीने सांगू शकतो. तरीही त्याला जे हवे होते, म्हणजे भावाने हात उगारला तर रात्री कुठे जायचे याचे उत्तर, ते त्याला मिळाले नाही.

दुसरीकडे आमच्या वस्तीत आणि आंबेडकरी चळवळीतही समलैंगिकता ही श्रीमंतांची थेरं आहेत असे म्हणणारे भेटतात. त्यांना मी 1934 सालच्या खटल्याची आठवण करून देतो. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे हेच त्याचे निमित्त होते, आणि कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण ज्या विषयावर बोलायला सुशिक्षित समाज लाजत होता, त्यासाठी बाबासाहेबांनी वकिली पणाला लावली होती. ज्यांच्या जयंतीच्या मिरवणुकीत मी लहानपणापासून चालत आलो, त्यांचा हा वारसा माझ्या वाट्याचाही आहे, असे मी मानतो.

आता आरक्षणाविषयी, कारण सामावून घेण्याची खरी कसोटी मला तिथे दिसते. 15 एप्रिल 2014 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास मानून आरक्षण द्यावे असे सांगितले. पण त्यांना सरसकट मागासवर्गाच्या एखाद्या यादीत बसवले, तर अनुसूचित जातीत जन्मलेल्या तृतीयपंथी व्यक्तीला जात किंवा लिंगभाव यांपैकी एकाच दाखल्यावर अर्ज करावा लागतो, आणि दुसरा अन्याय कागदावरून पुसला जातो. म्हणूनच तमिळनाडूतील ग्रेस बानू यांच्यासारख्या दलित पारलिंगी (ट्रान्सजेंडर) कार्यकर्त्या समांतर आरक्षण, म्हणजे प्रत्येक जातप्रवर्गाच्या आतच वेगळ्या राखीव जागा, मागत आल्या आहेत. महाराष्ट्रात नोकरभरतीचे अर्ज भरणाऱ्यांना ही पद्धत नवी नाही, कारण महिलांच्या राखीव जागा प्रत्येक प्रवर्गाच्या आतच मोजल्या जातात. कर्नाटकाने 2021 मध्ये सरकारी नोकऱ्यांत तृतीयपंथीयांसाठी याच रीतीने प्रत्येक प्रवर्गात 1 टक्का जागा राखल्या.

विवाहाचा हक्क मलाही हवा आहे आणि समलिंगी विवाहाला मान्यता नाकारणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालाने मीही खचलो होतो. परंतु त्या खटल्यासाठी आमच्यातील वकील, प्राध्यापक आणि कंपन्यांतले अधिकारी ज्या तयारीने उभे राहिले, ती तयारी समांतर आरक्षणासाठी मला दिसत नाही. महाराष्ट्रात ही मागणी रेटण्याचे ओझे बहुतांशी तृतीयपंथी कार्यकर्त्यांच्याच खांद्यावर पडले आहे. प्राइडच्या व्यासपीठावरून ती मागणी समलिंगी पुरुषांनी करावी, मराठीत करावी, आणि मागणीपत्रात ती विवाहाच्या खाली ढकलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बैठका घेणाऱ्या मित्रांना माझी विनंती त्याहून साधी आहे: महागड्या कॅफेऐवजी बसथांब्याजवळचे एखादे सभागृह घ्या, पाळीत काम करणाऱ्यांना जमेल अशी वेळ ठेवा, आणि ओळख मराठीतून सुरू करून इंग्रजी ज्याला लागेल त्याला भाषांतर करून द्या.