तुम्ही विचारलंत म्हणून : घर चुकत नाही का?

पवनीच्या बाजारात भेटा, एसटीत भेटा, नाहीतर कुणाच्या तेरवीच्या पंगतीत, मला प्रश्न एकच येतो. सूनबाईने त्यांच्या अमेरिकेतल्या गल्लीचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला, तिथून हे सुरू झालं. "गुरुजी, सारे घरं एकसारखेच दिसतेत जी. घर चुकत नाही का?"

चुकतं. माझं चुकलं.

2025च्या मे महिन्यात आम्ही दोघं सॅन फ्रान्सिस्कोला गेलो आणि ऑक्टोबरात परतलो. पोरगा शहराच्या पार पश्चिम टोकाला राहतो. वस्तीचं नाव आउटर सनसेट. चार-सहा रस्ते ओलांडले की पॅसिफिक महासागर. इथून निघालो तेव्हा घामाच्या धारा होत्या, आणि तिथं भर जुलैत मी स्वेटर, मफलर, कानटोपी घालून दूध आणायला निघायचो. आतल्या खोऱ्यात कॅलिफोर्निया तापली की तिथली हवा वर जाते आणि समुद्रावरची गार, ओली हवा आत ओढली जाते. त्यात किनाऱ्याचं पाणीच थंड. म्हणजे आत जितका उन्हाळा कडक, तितकं इथं धुकं दाट. लोकांनी त्या धुक्याला चक्क नाव ठेवलंय, कार्ल. आज कार्ल उतरला नाही, असं बोलतात, जसं आपण पाहुण्याबद्दल बोलावं.

तर अशाच एका सकाळी दूध घेऊन परत आलो. गॅरेजच्या बाजूच्या दाराला चावी लावली, फिरेना. काढली, पुसली, परत लावली. तिसऱ्यांदा लावत होतो तेवढ्यात शेजारचं गॅरेजचं शटर वर गेलं. आत एक चिनी आजी, हिच्याच वयाची. समोर स्टुलावर आपल्या सुपासारखं बांबूचं पसरट टोपलं, त्यात संत्र्याच्या साली वाळत घातलेल्या, वर एक पिवळा बल्ब टांगलेला. धुक्यात ऊन कुठून आणणार? तिनं माझ्याकडं पाहिलं, चावीकडं पाहिलं, आणि एक शब्द न बोलता उजवीकडं दोन बोटं दाखवली. दोन घरं पुढं. हसली मात्र मनसोक्त. तिच्या दारी चावी लावणारा मी पहिला नसावा.

आता घरं सारखी का, ते सांगतो.

ती सगळी जमीन वाळूची. जुन्या काळी शहर तिला आपली मानतच नव्हतं. नावच होतं 'आउटसाइड लँड्स', बाहेरची जमीन. वारा सुटला की टेकडी आज इथं, उद्या तिथं. 1870च्या सुमारास शेजारी मोठी बाग करायला घेतली, गोल्डन गेट पार्क, तेव्हा वाळू धरून ठेवायला आधी सातू पेरला आणि त्याच्या आधारानं बाकीची झुडपं लावली. शेतकऱ्याला हे लगेच पटेल. 1890च्या दशकात मोडीत काढलेले ट्रामचे डबे समुद्राकाठी आणून लोक त्यात राहायला लागले होते. तेव्हा कुणाचं घर कुणासारखं नव्हतं.

डोंगराखालून बोगदे निघाले, एक 1918ला, दुसरा 1928ला. ट्राम थेट समुद्रापर्यंत धावू लागली. मग बिल्डर आले. त्यातला सगळ्यात मोठा हेन्री डोल्गर. त्यानं घर बांधायची रीत कारखान्यासारखी केली. एक टोळी फक्त पाया घालणार, दुसरी फक्त लाकडी सांगाडा उभा करणार, तिसरी फक्त गिलावा, आणि हातातलं संपलं की पुढच्या घरावर. आपल्याकडं रोवणीच्या बाया एक बांधी संपवून दुसरीत उतरतात ना, तसं. सरकारी हमीचं कर्ज 1934 पासून मिळत होतं. दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक परत आले, त्यांना 1944च्या कायद्यानं आणखी सवलतीचं कर्ज मिळालं, आणि समुद्राकडची उरलीसुरली वाळू भरून निघाली. पोराचं घर 1948चं. पंचवीस फुटांचा दर्शनी भाग, खाली गॅरेज, वर बैठकीची मोठी खिडकी, दोन्ही बाजूंनी शेजाऱ्याची भिंत चिकटलेली. समोरच्या बाजूला थोडी वेशभूषा केलेली, कुणाला स्पेनसारखी कौलं, कुणाला इंग्लंडसारखा टोकदार माथा. आतून नकाशा तोच.

रस्तेही तसेच. आडव्या रस्त्यांची नावं इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमानं: आयर्व्हिंग, ज्युडा, किर्कहॅम, लॉटन, मोरागा, नोरिएगा, थेट वावोनापर्यंत. उभे रस्ते नंबरचे, समुद्राजवळ अठ्ठेचाळीस. हयातभर हजेरी घेतलेल्या माणसाला याहून सोपं काय पाहिजे? फक्त तेरावा नंबर गैरहजर. त्या रस्त्याला फन्स्टन असं नाव दिलंय. अंधश्रद्धा आपल्याचकडं असते, असं समजणाऱ्यांनी हे वहीत टिपून ठेवावं.

एक गोष्ट फोटोत दिसत नाही. अशा वस्त्यांतल्या कित्येक घरांच्या खरेदीखतात लिहिलेलं असे की हे घर गोऱ्यांशिवाय कुणाला विकायचं नाही. 1948 साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की असली अट कोर्टातून अमलात आणता येणार नाही, तरी घरं दाखवणारे दलाल पुढं बरीच वर्षं माणूस पाहूनच चावी काढत. बंदी घालणारा देशाचा कायदा 1968चा. आज त्याच ओळींमध्ये चिनी कुटुंबं एवढी आहेत की आयर्व्हिंग रस्त्यावर भाजी घेताना मला पाट्या वाचता येत नव्हत्या. मूळ खतात त्या चिनी आजीला दार उघडायची मुभा नव्हती आणि मलाही नव्हती, हे पोरानं सांगितलं त्या दिवशी मी चहा अर्धाच ठेवला. आपल्या जुन्या गावात कुणाची वस्ती कोणत्या बाजूला होती आणि का होती, हे मला कुणी सांगायची गरज नाही.

आमचा मुक्काम वर नव्हता, खाली होता. गॅरेजच्या मागच्या भागात खोली, न्हाणी, छोटा ओटा. अशा खोलीला तिथं 'इन-लॉ युनिट' म्हणतात. म्हणजे सासू-सासऱ्यांची खोली! मी आणि ही अगदी नावाप्रमाणं तिथं राहिलो. घराघरांत लोकांनी अशा खोल्या काढल्यात, पुष्कळांनी परवानगी न घेताच. बाहेरून ओळ तशीच्या तशी, आणि आत कुणाची आई, कुणाचा भाडेकरू, कुणाचं शिवणाचं मशीन, आजीचं संत्र्याच्या सालींचं टोपलं. गाडी बिचारी रस्त्यावर.

समुद्रात अंघोळ केली का, हा दुसरा प्रश्न. नाही. पाणी बर्फासारखं आणि ओढ माणूस घेऊन जाणारी. काठावरून हात जोडले.

पण समुद्रावरून तिथं जे भांडण पेटलं होतं ते पाहण्यासारखं होतं. काठाने एक मोठा रस्ता, ग्रेट हायवे. वारा वाळू आणून टाकतो, रस्ता बंद, यंत्रानं उपसा, परत वाळू. नोव्हेंबर 2024मध्ये शहरानं मतदान करून त्याच्या एका लांब तुकड्यावर गाड्या कायमच्या बंद केल्या, आणि एप्रिल 2025ला तिथं बाग सुरू झाली. शहर खूश, सनसेटवाले संतापलेले, कारण गाड्या त्यांच्या दारावरून वळल्या. आम्ही तिथं असतानाच, सप्टेंबरात, त्यांनी आपल्या नगरसेवकाला मुदतीआधीच मतदान करून घरी बसवलं. हे मी पारावर सांगितलं तेव्हा सगळे एकदम सरसावून बसले. "म्हंजे अविश्वास ठरावच ना जी!" हो. फक्त हात वर करायला सदस्य नव्हते, गल्ल्याच होत्या.

एवढं ऐकून घेतल्यावर मी उलटा प्रश्न विचारतो. आपल्या नव्या गावठाणात कुणाचं घर चुकलं होतं का?

आपलं गाव वैनगंगेच्या काठचं. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी राजीव गांधींनी 22 एप्रिल 1988ला केली, आणि जुनं गाव बुडितात आलं म्हणून पुढं बऱ्याच वर्षांनी आपण ट्रॅक्टरमध्ये कवेलू, दारं, चौकटी घालून इकडं आलो. सरळ रस्ते, नंबर टाकलेले प्लॉट, झाड एक नाही. जुन्या गावात पत्ता सांगायचा तर मोहाच्या बाजूचं, ढिवरांच्या आळीतलं, विहिरीमागचं. इथं प्लॉट नंबर. मोबदल्याचं रडगाणं मी परत गात नाही, ते तुम्हाला पाठ आहे. पण आमची कपिली रोज संध्याकाळी दावं तोडून जुन्या गावाकडं चालू लागायची. पडक्या गोठ्यासमोर उभी राहायची. मी जाऊन आणायचो. पंधरा दिवस चाललं हे. मग एक दिवस ती आपसूक नव्या दारात येऊन उभी राहिली, फक्त दार आमचं नव्हतं, तिसऱ्या प्लॉटवरचं होतं. त्या माऊलीनं तिला कोंडा घातला आणि पोराला आमच्याकडं पिटाळलं.

आता तेच प्लॉट बघा. कुणी पुढं ओसरी काढली, कुणी सांदवाडीत शेवगा लावला, कुणी रस्त्यावर दोन फूट पायऱ्या आणल्या आणि ग्रामपंचायतीशी भांडतोय. फोटो काढला तर तोही सारखाच दिसेल म्हणा.

ती चिनी आजी पुढं ओळखीची झाली. तिच्या नातीनं सांगितलं, सालींना चेनपी म्हणतात, सूपमध्ये आणि गोड खिरीत घालतात, निदान तीन वर्षं मुरवायच्या, जितक्या जुन्या तितका भाव जास्त. हिचा आधी विश्वासच बसला नाही. आपण तर साली गुरांपुढं टाकतो. परत आल्यावर नोव्हेंबरात नागपुरी संत्री आली, हिनं साली सुपात घालून अंगणात चार दिवस कडक उन्हात वाळवल्या आणि बरणीत भरल्या. बरणीवर मार्करनं तारीख टाकलीय. 2028च्या नोव्हेंबरापर्यंत झाकण उघडायचं नाही, असं सगळ्यांना बजावून ठेवलंय. मी दोनदा वास घेतला, तो तिला ठाऊक नाही.